डावा हात भात्यावर

सप्ताहात कुणाचं कौतुक व्हायचं याचा क्रम ठरलेला आहे. आधी कीर्तनकार महाराज. मग मृदंग वाजवणारा पोरगा, कारण तो हल्ली विशीतला असतो आणि अभंगाच्या मध्येच असा कडकडाट करतो की म्हातारे टाळकरी टाळ थांबवून त्याच्याकडं बघत राहतात. त्यानंतर गायनाचार्य. त्यानंतर पंगतीतली वांग्याची भाजी. भाजीचं बोलून झाल्यावर कुणाला आठवलंच तर पेटीवाला. तो मंडपात होता हे सगळ्यांना मान्य असतं, पण त्याने काय वाजवलं असं विचारलं तर माणसं खरोखर विचारात पडतात. त्याने वाजवलं नसतं तर मात्र पहिल्या पाच मिनिटांत अख्ख्या गावाला कळलं असतं.

आमच्या कंधार तालुक्यातले असे पेटीमास्तर बघितले की मला सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली आठवतो. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला किल्ला आहे, जगत्तुंग तलाव आहे, हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे, मन्याड नदी आहे. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला चर्चचा ऑर्गनवादक कुठून आला, असं कुणी विचारील. विचारू द्या. अफगाणिस्तानातल्या कंदहारला पळवून नेलेलं विमान १९९९ साली आमच्या नावावर खपलं आणि लांबलांबच्या पाहुण्यांनी ‘तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना’ म्हणून फोन केले. त्या मानाने इंग्रज ऑर्गनवादक फारच जवळचा आहे.

तर हा वेस्ली १८१० साली लंडनला जन्मला. मेथडिस्ट पंथ काढणारे जॉन वेस्ली म्हणजे याच्या आजोबांचे भाऊ. आजोबा चार्ल्स यांनी हजारोंनी स्तोत्रं रचलेली. वडील त्या काळचे गाजलेले ऑर्गनवादक, त्यांचं दैवत बाख, म्हणून मुलाच्या नावात सेबॅस्टियन. घराणं असं की आपल्याकडं नुसत्या आडनावावर बिदागी वाढली असती. एवढंच, की वडिलांचं लग्न दुसऱ्या बाईशी झालेलं होतं आणि सेबॅस्टियनची आई ती नव्हती. चर्चमध्ये जन्मभर नोकरी करायची असलेल्या माणसाला ही सुरुवात काही फार सोयीची म्हणता येणार नाही.

१८३२ साली, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादक झाला. कॅथेड्रलचा ऑर्गनवादक म्हणजे नुसता वाजवणारा नव्हे. गाणाऱ्या पोरांना शिकवायचं, मोठ्यांची तालीम घ्यायची, नवी भजनं बांधायची, पाद्रीबाबांची मर्जी सांभाळायची आणि पगारात भागत नाही म्हणून श्रीमंतांच्या मुलींना पियानो शिकवायला घरोघर जायचं. आपल्याकडं गायनाचार्य, पेटीवाला, विणेकरी आणि शिकवणीचे सर असे चौघे मिळून जे करतात ते त्या एकट्याच्या बोकांडी.

हेरफर्डमधल्याच एका ईस्टरची गोष्ट आहे. ईस्टर म्हणजे तिकडची आषाढी. नवी रचना हवी असं डीनसाहेबांनी, म्हणजे कॅथेड्रलच्या मुख्यांनी, सांगितलं. वेस्ली बघतो तर गायला फक्त पोरं. मोठी गाणारी मंडळी स्वतःच पाद्री, त्यांना त्या दिवशी आपापल्या गावचं चर्च सांभाळायचं होतं. खर्जातला पुरुषाचा एकच आवाज हाताशी होता, आणि तोही डीनसाहेबांच्या बटलरचा, असं सांगतात. वेस्लीने काय करावं? पोरांना आणि त्या एकट्या माणसाला जमेल अशीच रचना बांधली. ती इंग्रजी चर्चमध्ये आजही गायली जाते, मोठमोठ्या गायकवृंदांच्या थाटात ध्वनिमुद्रित होते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय योजना आहे बघा, आधी पोरांचे कोवळे स्वर, मग तो धीरगंभीर पुरुषी आवाज! योजना कसली, एकच बटलर होता.

ही अडचण आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अधिकात, श्रावणात किंवा चैत्रात दर दोन कोसांवर एक सप्ताह बसतो आणि चांगले गाणारे तेवढेच असतात. संध्याकाळी हरिपाठाला उभं राहावं तर कळतं, वरच्या पट्टीतला गायक शेजारच्या गावच्या सप्ताहाला गेलाय, दुसऱ्याच्या घरी पाव्हणे आलेत आणि तिसरा सोयाबीनच्या पेरणीत. राहिले कोण? आठ पोरं आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. पेटीमास्तर त्या शिपायाकडं बघून पट्टी धरतात. ‘काळी चार धरली तर पोरायला जमंल, तुझं काय?’ म्हणून विचारतात. शिपाई म्हणतो, ‘मी खालून धरतो की.’ आणि खरोखरच तो आठ पोरांच्या खालून, एक अख्खं सप्तक सोडून, हरिपाठ असा काही पेलतो की ऐकत राहावं.

अशीच अडचण आर्थर सुलिव्हनलाही आली. तो पुढे विनोदी संगीतिकांमुळे जगभर गाजला. पण १८६१ साली तोही लंडनच्या चेस्टर स्क्वेअरमधल्या चर्चमध्ये पोटासाठी ऑर्गन वाजवायचा. बायकांचे आवाज त्याला भरपूर मिळाले. पुरुष मिळेनात. शेवटी त्याने जवळच्या पोलीस चौकीतले शिपाई आणून गायला उभे केले. बिचारे इमानेइतबारे यायचे, पाळी करून आलेले असायचे. पुढे १८७९ साली त्याने एका संगीतिकेत पोलिसांचं एक गाणं बसवलं, तेव्हा आपल्याला ते जुने शिपाई आठवत होते असं त्याने सांगून ठेवलं आहे. आमच्याकडच्या भजनी मंडळांत एसटीचे कंडक्टर पुष्कळ. त्यांचा आवाज मुळातच शेवटच्या बाकापर्यंत जाणारा असतो.

वेस्लीकडं परत. १८३५ साली त्याने त्याच डीनसाहेबांच्या बहिणीशी लग्न केलं. हेरफर्डात नाही, बाजूच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये, गुपचूप. त्यानंतर लगेच गाव बदललं. मग एक्झिटर, तिथून १८४२ मध्ये लीड्स, १८४९ मध्ये विंचेस्टर, १८६५ मध्ये ग्लॉस्टर. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं सेवापुस्तक वाचल्यासारखं वाटतं. फरक इतकाच की याच्या बदल्या कुणी केल्या नाहीत, त्याने स्वतः ओढवून घेतल्या. जाईल तिथे वरिष्ठांशी भांडण. कॅथेड्रलमधल्या संगीताची कशी हेळसांड चालली आहे यावर त्याने १८४९ साली एक पुस्तिका छापली. निदान बारा पुरुष गायक तरी असावेत एवढीच त्याची माफक मागणी. ज्याने एका बटलरवर ईस्टर निभावला, त्याने बारा मागावेत यात चुकीचं काय?

दुसरा नाद मासे धरण्याचा. नोकरी धरण्याआधी तो गावाला नदी आहे का बघतो, असं लोक मागून बोलायचे. एखाद्या गावाने नवा ऑर्गन घेतला की उद्घाटनाला वेस्लीला बोलावणं. आणि हा वाटेत नदी लागली की तिथेच थांबून शिष्याला पुढे पाठवायचा. १८४७ च्या डिसेंबरात मासे धरतानाच घसरला आणि पाय मोडला. महिनोन्महिने पडून. पडल्यापडल्या त्याने एका स्तोत्राला चाल लावली आणि स्तोत्र निवडलं तेही असं, की त्यात मोडलेल्या हाडांचा उल्लेख आहे. त्या जागी त्याने स्वर असे एकमेकांत घुसवलेत की ऐकताना आपलाही पाय दुखावा.

ग्लॉस्टरची नोकरी त्याला कशी मिळाली तेही ऐकण्यासारखं आहे. जागा रिकामी झाली तेव्हा नवा माणूस निवडायला सल्लागार म्हणून यालाच बोलावलं होतं. सगळं ऐकून घेऊन हा म्हणाला, मी विचार केला, ही जागा मीच घेतो. आपल्याकडं निवड समित्यांवरच्या माणसांनी असं उघडपणे केलं तर किती वेळ वाचेल.

आता हे वाद्य आमच्यापर्यंत कसं आलं ते बघू. मोठ्या चर्चमधला ऑर्गन म्हणजे नळ्यांचा डोंगर. तो प्रत्येक चर्चला कुठला परवडायला? अलेक्झांडर दबाँ नावाच्या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. नळ्या नाहीत, पितळी जिभांवरून वारं जातं आणि त्या थरथरतात. भाता पायाने चालवायचा, दोन्ही हात मोकळे. गरीब गावच्या चर्चची सोय झाली. हीच पायपेटी बोटीत बसून मुंबई-कलकत्त्याला उतरली. त्याच १८४२ साली अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकले. आपली माणसं खाली बसून गातात, मग पेटीने उभं राहून काय करायचं? भाता पाठीमागं आला, डाव्या हाताने हलवायचा झाला, पेटी मांडीपाशी आली. मोठी सोय झाली आणि एक हात गेला. चर्चमधला वादक दोन्ही हातांनी चार-चार स्वर एकदम दाबतो, त्याचं सगळं संगीतच त्या एकत्र स्वरांवर उभं आहे. आमच्या पेटीवाल्याला उजवा हात तेवढा राहिला. एका वेळी एकच स्वर, त्याला जोडून दुसरा, मग तिसरा. आणि आपलं गाणं तर असंच चालतं! घोषबाबूंनी एक हात कापला आणि वाद्य हिंदुस्थानी झालं.

भाता म्हटल्यावर एक माणूस विसरता येत नाही. मोठ्या ऑर्गनला वारं भरायला मागच्या बाजूला वेगळा गडी असायचा, कधी पोरगा, कधी म्हातारा. त्याला कुणी बघत नसे. भात्यात वारं किती उरलंय हे कळावं म्हणून दोरीला शिशाचं वजन बांधलेलं असे, ते खालीवर होताना बघत त्याने दांडा मारायचा. त्याच्याबद्दलची एक गोष्ट इंग्रजी चर्चच्या मंडळींत पिढ्यानपिढ्या सांगतात. वादक म्हणतो, आज मी छान वाजवलं. गडी म्हणतो, आपण छान वाजवलं. वादक हसतो. पुढच्या रविवारी ऐन भरात ऑर्गन मुका होतो. पडद्यामागून आवाज येतो, ‘आपण’ म्हणा, मग वारं देतो.

आमच्या पेटीमास्तरांवर ही पाळी येत नाही, कारण वादक उजव्या खांद्याला आणि गडी डाव्या खांद्याला, दोघांचं जेवण एकाच ताटात. पण रात्रभराच्या जागरात पहाटे तीन वाजता मी पाहिलं आहे, उजवा हात अजून ताजा असतो, गवळणीत बारीकसारीक जागा घेत असतो, आणि डावा हात संपावर जायच्या बेतात असतो. तेव्हा मास्तर मांडी बदलून, पेटी आडवी फिरवून, भात्याला कोपराने रेटतात. कुणी हौशी पोरगं ‘मी मारू का भाता?’ म्हणतं. मास्तर मान हलवतात. ‘नगं. तुह्या भात्यात धाप हाय.’

खरी परीक्षा वेगळीच. एकदा हरिपाठ रंगात आला असताना एका पट्टीखाली काहीतरी अडकलं आणि तिचा स्वर लागूनच राहिला. सप्ताहाच्या मंडपात पेटीवर काय काय पडत नाही? बुक्का, अक्षता, लाह्या, उदबत्तीची राख, टाळकऱ्यांचा घाम. तो स्वर होता कोमल, आणि अभंगात त्याला जागा नव्हती. आता गाणारे चाळीस जण एका स्वरात आणि खालून हा एकटा वेगळ्याच स्वरात, सारखा. विणेकऱ्याने डोळे उघडले. मास्तरांनी उजव्या हाताने वाजवणं सोडलं नाही. डावा हात क्षणभर भात्यावरून काढला, खिशातून एसटीचं तिकीट काढलं, दुमडलं, पट्टीच्या फटीत सरकवून वर उचकटलं. एक तांदळाचा दाणा उडाला. तेवढ्यात भात्यातलं वारं संपत आलं होतं, ते अगदी शेवटच्या श्वासाला सावरलं. चरण मोडला नाही. समोर बसलेल्या बायकांना काही झालं हे कळलंसुद्धा नाही. सप्ताह संपल्यावर मी मास्तरांपाशी विषय काढला, तर म्हणाले, ‘तिकीट कंधार ते नांदेडचं होतं, जाड असतंय. गावातल्या गावात प्रवास केला असता तर पातळ निघालं असतं.’

हेच मास्तर घरी पेटी उघडून बसले की बघावं. वरचं झाकण काढलं की आत पितळी रीडांच्या रांगा. एखादा सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाकडं कानस किंचित फिरवायची, सूर चढतो. चढला असेल तर मुळाकडं खरवडायचं, उतरतो. एक घास इकडं की तिकडं, झालं. कानस फिरवतात, रीड तोंडाशी धरून फुंकतात, कान तिरपा करतात, परत कानस. मध्येच चहा येतो, तो थंड होतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. हिवाळ्यात उंदीर. पेटीतली चामडी उंदराला का एवढी आवडते कुणास ठाऊक, पण साहेबाच्या देशातही चर्चच्या ऑर्गनची चामडी उंदरांनीच खाल्ली, हे ऐकून मास्तरांना बरं वाटलं. ‘म्हंजी सायबाचे उंदीर बी तसलेच!’

आणि पेटी एकाच ठिकाणची राहत नाही, हे कंधारात तर फारच दिसतं. सप्ताहात जी वाजली ती चौदा एप्रिलला भीमजयंतीत वामनदादा कर्डकांच्या गाण्यांना लागते. उरुसात कव्वाल आपली पेटी आणतात, पण तीही हिचीच बहीण. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणीच्या फडात गेलात तर तिथे ती आहेच. नांदेडला हुजूर साहिबला रागी कीर्तनाला बसतात, त्यांच्याही समोर तीच, डावा हात भात्यावर. सगळ्यांनी तिला आपल्यात घेतलं. ती मुळात कुठून आली हे विचारायची फुरसत कुणाला?

गंमत अशी की जिथून ती आली, त्या चर्चला इकडं वेगळंच हवं होतं. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं करू लागले. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी बघितलं की मराठी माणूस विलायती चालीत मराठी शब्द कोंबून गातोय. ऱ्हस्व जागी दीर्घ, दीर्घ जागी ऱ्हस्व, अर्थाचे तीनतेरा. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, टाळ आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. ‘उपासना संगीत’ उघडा, टिळकांची पदं पानोपानी. म्हणजे ज्या वर्षांत नगरचं चर्च टाळ-मृदंग जवळ करत होतं, त्याच वर्षांत आपली भजनी मंडळं चर्चची पेटी जवळ करत होती. दोघं वाटेत एकमेकांना भेटले असणार. ओळखलं नसावं.

नाटकवाल्यांनी तर पायपेटीच उचलली आणि तिला सरळ ऑर्गन म्हणू लागले. बालगंधर्वांच्या मागं हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, तिरखवाँसाहेबांचा तबला. १९११ साली ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः अव्वल पेटीवादक. आमच्या मराठवाड्याने अप्पा जळगावकर दिले, जालन्याकडचे. देशातल्या मोठमोठ्या गायकांच्या मागं बसले आणि जन्मभर मागंच बसले. मागं बसूनही नाव झालेला माणूस विरळा. वेस्ली ऑर्गनपाशी बसायचा तर तो निदान पडद्याआड असायचा. अप्पा मंचावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसून मागं असत, ते जास्त अवघड.

पण पेटीवर आरोपही जुनेच आहेत. तिचे स्वर बारा, ठोकून बसवलेले, सगळ्यांचं अंतर सारखं. आपल्या गाण्यातली मींड तिला येत नाही, श्रुती तिच्या गावी नाहीत. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, या दोघांनी तर बावीस श्रुतींची पेटी बनवून आणली. बडोद्याला १९१६ साली भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावर भरपूर खल झाला. न्यायाधीश आणि डेप्युटी कलेक्टर एकत्र आले, तरी गवयांनी निकाल मान्य केला नाही. पुढे दिल्लीच्या आकाशवाणीवर जॉन फोल्ड्स नावाचा मँचेस्टरचा संगीतकार आला आणि त्याने पेटीच्या विरोधात लेख लिहिला. साहेबाच्या वाद्याला साहेबच म्हणाला, हिला हाकला! १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद. स्वराज्य आलं तरी बंदच. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, माणूस मराठी, त्यांनी तर सिनेसंगीतही हटवलं. पेटीला थोडी वाट मिळाली ती १९७१ साली. या तीस वर्षांत देशातल्या एकाही सप्ताहात पेटी थांबली नाही. पेटीमास्तरांनी बंदीची बातमी वाचली असेल तरी रेडिओ होता कुणाकडं?

आणि हा सारख्या अंतराच्या स्वरांचा वाद खुद्द वेस्लीने इंग्लंडात घातला होता. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये हेन्री विलिसने भलामोठा ऑर्गन बांधला, तो १८५५ मध्ये वाजू लागला. सल्लागार वेस्ली. सगळं जग नव्या, समान अंतराच्या जुळणीकडं चाललेलं, आणि हा अडून बसला: जुनीच जुळणी हवी, काही स्वर गोड आणि काही कडू. त्याचंच ऐकलं गेलं. १८६७ साली मात्र ती बदलली. वेस्ली कंधारला आला असता तर त्याने मास्तरांशी पहिलं भांडण पेटीच्या जुळणीवरून केलं असतं आणि दुसरं नदीवरून, की मन्याडला मासे कुठे मिळतात.

ज्या गावात पेटी गेली तिथे कुणाचं तरी काम गेलं. इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये पूर्वी गावकरीच फिडल, बासून, सर्पासारखं वळलेलं एक भलं जुनं वाद्य घेऊन सज्जात बसत. हार्मोनियम आली आणि ते घरी बसले. थॉमस हार्डीने १८७२ साली त्यावर एक कादंबरी लिहिली, आणि ती ऐकीव नव्हे. त्याचे आजोबा आणि वडील गावच्या चर्चमध्ये तसेच वाजवायचे. आपल्याकडं सारंगीवाले घरी बसले. आता पेटीमास्तरांची पाळी. कीर्तनकार महाराजांच्या गाडीतून हल्ली कीबोर्ड येतो, त्याला भाता नाही, विजेवर चालतो, तानपुरा मोबाईलमधला. कीबोर्डवाला पोरगा दोन्ही हातांनी वाजवतो, चार-चार स्वर एकदम. म्हणजे चर्चमधला दोन हातांचा वादक दीडशे वर्षांनी मन्याडकाठी आला म्हणायचा, जीन्स घालून. ‘चांगलं वाजवितो पोरगं,’ मास्तर म्हणतात. ‘पण कीर्तनात लाईट गेली तर पुन्हा मलाच हाक मारतात.’ आणि आमच्या भागात लाईट जाण्याबद्दल मास्तर निश्चिंत आहेत.

म्हातारपणी, १८७३ साली, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी वेस्लीला विचारलं: सर ही पदवी घेता की वर्षाला शंभर पौंड पेन्शन? वेस्लीने पेन्शन घेतली. त्याच्या पत्नीला सौ. लेडी वेस्ली व्हायला आवडलं असतं का, हे कुणी नोंदवलेलं नाही. तीन वर्षांनी तो वारला.

परवा काल्याच्या दिवशी आमच्याकडंही असाच प्रसंग आला. सरपंचांनी माईकवरून जाहीर केलं की गेली कित्येक वर्षं पेटीची सेवा करणारे मास्तर, त्यांचा शाल, श्रीफळ, फेटा देऊन सत्कार. टाळ्या झाल्या. मास्तर उठले, सरपंचांच्या कानाशी गेले, पण माईक चालूच होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ‘नाना, शाली घरी लई झाल्यात. दोन रीड फुटल्यात, तेवढे पैशे देता का?’